स्ट्रेन जातो कुठे? ताणल्या जाणाऱ्या सर्किटबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कातडीवर चिकटणाऱ्या, ताणल्या जाणाऱ्या सर्किटबद्दल लिहिलं होतं आणि त्यात जाता जाता म्हटलं होतं की सर्किट ज्याच्यावर बसवायचं ते भोकाभोकांचं असेल, म्हणजे कापड, स्पंज, फोम, कागद, चामडं, तर डिझाइनचा सगळा हिशोबच बदलतो. त्या एका ओळीवर इतके मेल आले की हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक मेल थोडे कापलेत. वाचताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा, आपण वस्तू खेचली तर ते खेचणं नक्की कुणी सहन केलं? स्ट्रेन म्हणजे मूळ लांबीच्या किती टक्के लांबी वाढली, एवढाच अर्थ इथे धरायचा.

प्रश्न : मॅडम, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सिलिकॉन ठिसूळ, एक टक्क्याच्या आसपास ताणलं की तुटतं असं आम्हाला शिकवतात. मग तेच सिलिकॉन वापरून ३० टक्के ताणलं जाणारं सर्किट कसं काय होतं? मटेरियल बदललंय का? (सांगली)

मटेरियल तेच आहे, बदललाय तो आकार. आधी जाडीचं बघ. पट्टी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि बाहेरच्या बाजूचा स्ट्रेन साधारण जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट इतका असतो. अर्धा मिलिमीटर जाडीची सिलिकॉनची चकती १ मिलिमीटर त्रिज्येत वाकवायला गेलास तर हिशोबाने २५ टक्के स्ट्रेन येतो, म्हणजे ती त्याच्या कितीतरी आधीच तुटणार. तेच सिलिकॉन १०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचं केलं तर त्याच वाकण्याला ०.००५ टक्के, म्हणजे काहीच नाही. शिवाय वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरवरून १०० नॅनोमीटरवर आलास की जाडी ५,००० पट कमी आणि वाकण्याचा कडकपणा सव्वाशे अब्ज पट कमी! कडक म्हणून ओळखलं जाणारं सिलिकॉन इथे अक्षरशः लोंबतं.

पण यातून फक्त वाकण्याचा प्रश्न सुटतो, ताणण्याचा नाही. सपाट पातळ फिल्म सरळ खेचलीस तर ती एक टक्क्यालाच जाणार, कितीही पातळ कर. म्हणून जास्तीची लांबी आधीच साठवून ठेवावी लागते. २००६ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन रॉजर्स आणि योंगगांग ह्वांग यांच्या गटाने हे सायन्स नियतकालिकात दाखवलं. पीडीएमएस नावाचं पारदर्शक रबर आधी ताणून धरायचं, त्यावर सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या चिकटवायच्या आणि मग रबर सोडून द्यायचं. रबर आखडतं, सिलिकॉनला आखडता येत नाही, मग ते लाटांच्या आकारात उभं राहतं. साडीला निऱ्या असतात म्हणून लांब पाऊल टाकता येतं, इथे तेच होतं, खेचलं की लाट सपाट होते, सिलिकॉन फक्त वाकतं, ताणलं जात नाही. १०० नॅनोमीटरच्या फिल्मची लाट साधारण १५ ते २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येते, आणि हा आकडा फिल्मची जाडी आणि फिल्म-रबर यांच्या कडकपणाचं गुणोत्तर एवढ्यावरून काढता येतो, तुमच्या बकलिंगच्या, म्हणजे दाबल्यावर पट्टी बाजूला वाकण्याच्या, धड्यातलंच गणित आहे ते, फक्त खाली लवचिक पाया. (अशा सुरकुत्या धातूच्या फिल्ममध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने १९९८ मध्येच दाखवल्या होत्या, गरम पीडीएमएसवर धातू चढवून ते थंड होऊ द्यायचं.)

आता जास्त चालते ती दुसरी रीत. चिप किंवा सेन्सर असलेली छोटी कडक बेटं ठेवायची आणि त्यांना नागमोडी तारांनी जोडायचं. बेट ताणलं जात नाही, तारा उलगडतात. पुढचे जवळपास सगळे प्रश्न या नागमोडी तारेवरच येतात.

प्रश्न : तार नागमोडी केली म्हणजे काम झालं ना? मग खाली सपाट रबर आहे की फोम, याने काय फरक पडतो? आणि फोम रबरापेक्षा इतका मऊ का लागतो, मटेरियल तर तेच असतं. (पुण्याहून दोघांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय)

फरक पडतो, आणि मला विचाराल तर सगळी मजा इथेच आहे.

आधी मऊपणा. उघड्या पेशींचा फोम, म्हणजे ज्याची भोकं एकमेकांत उघडतात तो, ही बारीक दांड्यांची जाळी असते. ती दाबली किंवा थोडी खेचली की दांड्या ताणल्या जात नाहीत, त्या वाकतात, आणि बारीक दांडी वाकवणं ती ताणण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं. लोर्ना गिब्सन आणि मायकल अॅशबी यांनी याचा साधा नियम मांडला, फोमचा कडकपणा भागिले मूळ घन पदार्थाचा कडकपणा हे साधारण घनतेच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकं येतं. म्हणजे ८० टक्के हवा आणि २० टक्के रबर असेल तर कडकपणा २० टक्क्यांवर येत नाही, ४ टक्क्यांवर येतो. पीडीएमएसचा मॉड्युलस, म्हणजे कडकपणाचं माप, २ मेगापास्कल (२,००० किलोपास्कल) धरा, त्याचा फोम ८० किलोपास्कलला उतरला. माणसाची कातडी मोजायच्या पद्धतीनुसार कमीजास्त भरते, पण साधारण शंभर-दोनशे किलोपास्कलच्या घरात असते. म्हणजे नवीन केमिकल न शोधता, नुसती भोकं पाडून आपण कातडीच्या मऊपणापर्यंत आलो! माझ्या मते सच्छिद्र पदार्थांची सगळ्यात मोठी देणगी हीच, भोक ही उणीव नाही, जाडी आणि रुंदीसारखीच हातात असलेली आणखी एक मोजमापाची गोष्ट आहे.

मग जागेचं. नागमोडी तार खेचली की ती जमिनीला धरून उलगडत नाही, वळणापाशी पीळ खाऊन वर उचलली जाते, कारण पातळ पट्टीला पसरटपणे वाकण्यापेक्षा पीळ खाऊन उठणं सोपं जातं. ती घट्ट रबरात पुरली तर तिला उठायलाच जागा नाही, मग धातू आडवा वाकायला लागतो आणि तांब्याला साधारण ०.३ टक्क्यांच्या पुढे नेलं की ते मूळ जागी परत येत नाही. तीच तार भोकं असलेल्या थरावर असली की खाली-वर हलायला मोकळीक मिळते, तेवढ्याच तारेतून जास्त ताण निघतो.

पण याची किंमत मोजावी लागते. वर सांगितलेलं लाटांचं गणित खालचा पाया सगळीकडे एकसारखा आहे असं धरून चाललं होतं. फोम एकसारखा नसतो. फोमचा तुकडा एकूण २० टक्के लांब केला तरी आतली एखादी दांडी नुसती फिरते, शेजारची ताणली जाते, तिसरी आडवी होती ती तशीच राहते. तार ज्या दोन दांड्यांना चिकटली असेल त्या दोघींमधलं अंतर जेवढं बदललं तेवढा तिच्या वाट्याला येणारा स्ट्रेन, मग तो ५ टक्के असो की ५० टक्के. सरासरी २० हा आकडा तारेला माहीतच नाही.

म्हणून माझा सल्ला असा असतो की आधी भोकाचं माप आणि तारेची रुंदी शेजारी शेजारी लिहा. भोकं तारेच्या रुंदीपेक्षा निदान दहापट बारीक असतील तर खालचा थर एकसारखा धरून नेहमीचं गणित करा, चालतं. भोकं तारेपेक्षा खूप मोठी असतील तर तार जाळीवर टांगलेली आहे असं समजा आणि कुठे चिकटवायची ती ठिकाणं स्वतः ठरवा. भोक आणि तार साधारण एकाच मापाची असणं हे सगळ्यात वाईट, कारण तार कुठे टेकली आणि कुठे लोंबली यावर ताबाच राहत नाही, एक नमुना उत्तम चालतो आणि शेजारचा दुसऱ्याच खेचण्याला जातो. साखरेच्या क्यूबमध्ये पीडीएमएस मुरवून, ते घट्ट झालं की गरम पाण्यात साखर विरघळवून जो स्पंज करतात त्याची भोकं साखरेच्या दाण्याएवढी, काही शे मायक्रॉनची. त्यावर शंभर-दोनशे मायक्रॉन रुंद तार टाकलीत की आलात त्याच पट्ट्यात.

आणि फोम खेचताना सुरुवातीला मऊ असला तरी दांड्या एकदा खेचण्याच्या दिशेला सरळ झाल्या की तो एकदम कडक होतो. हे वळण किती टक्क्यांवर येतं ते मशीनवर खेचून बघा, सर्किटची मर्यादा त्याच्या अलीकडे ठेवा.

प्रश्न : आमचे पॉवरलूम आहेत, सुती कापड. मुलगा म्हणतो कापडावर सर्किट छापून स्मार्ट कपडे करता येतील. एका ओळखीच्या स्क्रीन प्रिंटरकडून चांदीच्या शाईची पट्टी छापून घेतली, पण शाई आत मुरली, आणि कापड थोडं ओढलं की करंट जाईना. शाई खराब आहे की कापड? (इचलकरंजी)

दादा, बहुतेक दोन्ही चांगले असणार, मधलं काहीतरी राहिलंय.

तुम्ही कापड रोज हातात धरता, तर तुमच्याच कापडावर बोलू. ताण्याच्या दिशेने ओढलं तर सुती कापड फार लांब होत नाही, सुरुवातीला जे थोडं मिळतं ते धाग्याचं वेटोळं सरळ होण्याचं, म्हणजे ताणा बाण्याच्या वरून-खालून जातो ते. बाण्याच्या दिशेनेही तसंच. पण तिरकं, कोपऱ्यातून कोपऱ्यात ओढा, भरपूर लांब होतं. कारण धागे लांब होत नाहीत, चौकोन चपटे होतात, धागे एकमेकांवर फिरतात. म्हणजे एकाच कापडाचा एकाच हाताने ओढल्यावरचा स्ट्रेन दिशेप्रमाणे पार वेगळा. आता त्याच्यावर सरळ पट्टी छापली तर धागा जिथे धाग्यावर सरकतो, फिरतो, नेमक्या त्या फटीवर शाईचा थर पूल बांधून बसलेला असतो. कापड एकूण ५ टक्के लांब झालं असेल पण धाग्याच्या अंगावर जवळजवळ शून्य आणि फटीत त्याच्या अनेक पट. शाई फटीतच चिरणार. भिंग लावून बघा, भेगा धाग्यांच्या मधल्या घळीत रांगेने पडलेल्या दिसतील.

यावर उपाय बराच जुना आहे. २००९ मध्ये रॉजर्स यांच्या गटानेच कागद, कापड, चामडं आणि व्हिनाइलवर पातळ सिलिकॉनची सर्किटं बसवून दाखवली होती, तेव्हा सर्किट आणि कापड यांच्या मध्ये त्यांनी पीडीएमएसचा मऊ थर ठेवला. खालचं कापड हललं की तो थर कलतो, म्हणजे त्याचा तळ कापडाबरोबर जातो आणि माथा मागे राहतो, त्यामुळे खालची सगळी ओढ वर पोचत नाही. थर जितका मऊ आणि जितका जाड तितकं वरचं सर्किट सुखी, पण फार जाड केला तर कापड कापड राहत नाही, रेक्झिन होतं. इथे तारतम्य ठेवावं लागतं.

तुमच्याकडे करता येण्यासारखं म्हणजे टीपीयूची, म्हणजे रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या प्लास्टिकची, फिल्म. हिट प्रेसवर टी-शर्टला डिझाइन चिकटवतात ना, तिथे ती मिळते. शाई आधी टीपीयूवर छापायची, सुकवायची, मग कापडावर गरम दाबाने बसवायची. शाई मुरत नाही आणि फटींवर सपाट पूल मिळतो. पट्टी सरळ नको, नागमोडी. आणि शाई तीच हवी जी ताणण्यासाठी म्हणून विकतात, नेहमीच्या पीसीबीच्या चांदीच्या शाईतला बाइंडर कडक असतो. फिल्म सगळीकडे चिकटवली की कापडाचा तिरका ताण तेवढ्या भागात मरतो आणि त्या भागाच्या कडेला सगळा जोर येतो, म्हणून फिल्मचे कोपरे गोल ठेवा, चौकोनी कोपऱ्यापासूनच ती सुटायला लागते.

दुसरा रस्ता विणकाम-भरतकामाचा. चांदी चढवलेला नायलॉनचा धागा मिळतो, तो झिगझॅग टाक्याने शिवायचा. धागा कापडातून आरपार जातो त्यामुळे सुटण्याचा प्रश्नच नाही आणि कापडाचा श्वासही बंद होत नाही. तुमच्या जागी मी असते तर छपाईआधी हा करून बघितला असता, कारण धाग्याचं तंत्र तुमच्या घरात आहे. आणि जिथे सगळीकडून ताण हवाय, म्हणजे अंगाला बसणारा शर्ट, तिथे मागाचं कापड सोडून होजिअरीचं घ्यावं लागेल, तिथे फासे उलगडतात, धागा ताणला जात नाही, पुन्हा तेच गणित.

प्रश्न : ताई, मी स्टाफ नर्स आहे. होल्टर (दिवसभर ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) लावलेल्या पेशंटला दुसऱ्या दिवशी पॅचखाली लाल चट्टे, खाज, उन्हाळ्यात तर पॅच घामाने सुटूनच येतो. हे नवीन मऊ सर्किट लावलं तर हा त्रास जाईल का? (नाशिक)

फक्त मऊ असून जाणार नाही, हे आधी स्पष्ट सांगते, कारण जाहिरातींमध्ये मऊ आणि श्वास घेणारं हे दोन्ही एकाच दमात सांगितलं जातं.

माणूस स्वस्थ पडून असला, घाम आलेला नसला तरी कातडीतून दिवसाला साधारण ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी नकळत उडून जात असतं. जाड, सलग थर लावला की खाली ते पाणी साठतं, कातडीचा वरचा थर भिजून फुगतो, नाजूक होतो, आणि मग प्रत्येक हालचालीला पॅचची कड तिथे घासते. म्हणजे तुम्ही बघता त्या चट्ट्यांमागे ओलावाही आहे, घर्षणही आहे आणि काही जणांना गोंदाची अॅलर्जीही. हे सगळं वेगवेगळं बघावं लागतं.

तुम्ही मायक्रोपोअर टेप वापरता, त्याच्यातून वाफ जाते म्हणूनच ती कातडीला मानवते. सर्किटसाठीही तसंच आरपार जाणारं भोक हवं. नुसता फोम असून भागत नाही, हवाई चप्पलही फोमच आहे पण तिच्या पेशी बंद असतात, त्यातून वाफ जात नाही. पॅचच्या पाठीला जो पांढरा फोम असतो तोही बऱ्याचदा बंद पेशींचाच असतो, तो मऊ लागतो, पण वाफेसाठी प्लास्टिकच.

या बाबतीत मला सगळ्यात आवडलेलं काम टोकियो विद्यापीठातल्या ताकाओ सोमेया यांच्या गटाचं, २०१७ चं. त्यांनी खालचा थरच काढून टाकला. पीव्हीए या पाण्यात विरघळणाऱ्या प्लास्टिकचे अतिबारीक तंतू विणून त्यावर सोन्याचा थर चढवला, ती जाळी कातडीवर ठेवून पाणी फवारलं की पीव्हीए विरघळतं आणि सोन्याची जाळी तेवढी कातडीच्या रेषांमध्ये बसते, विरघळलेलं पीव्हीएच गोंदाचं काम करतं. आठवडाभर लावून केलेल्या चाचणीत त्यांना असं दिसलं की कातडीला सूज, दाह होण्याचा धोका यात बराच कमी होतो. अर्थात अशी नाजूक जाळी वॉर्डात रोज हाताळणं हे वेगळं काम आहे.

दुसऱ्या बाजूने घाम अडवण्याऐवजी वापरायचाही विचार झालाय, खालचा स्पंज घाम शोषून घेतो आणि वरचं नागमोडी अँटेना-सर्किट त्यात किती पाणी आलं ते वायरलेस सांगतं. तिथे भोकं हीच टाकी आहे.

तुमच्या पेशंटसाठी आत्ता, या महिन्यात काही बदलायचं असेल तर पॅच घेताना न विणलेल्या कापडाच्या पाठीचा मिळतो का ते विचारा, आणि डॉक्टरांना विचारून जागा थोडी थोडी बदलता येते का बघा. ज्यांना आधीच अॅलर्जीचा इतिहास आहे त्यांचं मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं.

प्रश्न : स्पंजवरचं सर्किट पावसात भिजलं, किंवा कपडा धुतला तर? (दादर)

भिजणारच, उघडी भोकं पाणी ओढून घेतात. शॉर्ट होऊ नये म्हणून तारेला स्वतःचं पातळ आवरण हवं, भोकं बुजवून नाही. पॅरिलीन नावाचा प्लास्टिकचा थर वाफेच्या रूपात चढतो, तो आतल्या भिंतींवरही बसतो आणि भोक मोकळं राहतं. कागदाचं मात्र वेगळं, ओला झाला की त्याचे तंतू एकमेकांना सोडतात आणि ताकदच जाते, सुती धागा उलट ओला असताना जास्त मजबूत असतो. त्यामुळे कागद एकदा वापरून टाकायच्या टेस्टसाठी ठीक, धुवायच्या कपड्यासाठी नाही. आणि धुण्यात पाण्यापेक्षा पिळणं वाईट.

प्रश्न : भोसरीला फ्लेक्स पीसीबीच्या कामात आहे. एका ग्राहकासाठी फोमवर एलईडी लावलेली पट्टी केली, तारा नागमोडी, सगळं नियमानुसार. तरी दरवेळी एलईडीच्या अगदी कडेलाच तुटते, वळणापाशी कधीच नाही. असं का?

कारण तुमची वळणं चांगली आहेत! तुटतं ते जिथे कडक भाग संपून मऊ भाग सुरू होतो तिथे.

साधा हिशोब करा. दोन एलईडींमधलं अंतर १० मिलिमीटर, त्यातले ५ मिलिमीटर एलईडीचा पॅड आणि सोल्डर यांनी कडक झालेले. पट्टी एकूण २० टक्के खेचली, म्हणजे १० चे १२ झाले. कडक ५ तसेच राहिले, उरलेल्या ५ चे ७ झाले, म्हणजे तारेच्या वाट्याला ४० टक्के. डिझाइन करताना तुम्ही २० धरलं असेल. बेटांनी जितकी जागा खाल्ली तितका ताण पुलांवर चढतो, दाट सर्किटमध्ये तर हे फारच वाढतं.

त्यातही तो ४० टक्के सगळीकडे सारखा वाटला जात नाही, बेटाच्या कडेला गर्दी करतो. सपाट पत्र्यात एक गोल भोक असलं तर ओढल्यावर भोकाच्या कडेला तिप्पट ताण येतो हे तुम्हाला माहीत असेल, कडक बेटाच्या कडेलाही खालच्या मऊ थरात अशीच गर्दी होते. त्यात खाली फोम असेल तर तार एलईडीच्या कडेनंतर लगेच खाली भोकात झुकते, प्रत्येक खेचण्याला तिथे वर-खाली वाकते, सोल्डर जिथपर्यंत तारेवर चढलंय बरोबर त्या रेषेवर.

मी असते तर तार पॅडमधून सरळ काढली नसती, पॅड थेंबासारखा निमुळता करत तारेत विरला असता. सोल्डर थांबते ती रेषा मऊ सिलिकोनच्या (हे रबरासारखं, चिपमधलं सिलिकॉन नव्हे) थेंबाखाली घेतली असती, म्हणजे कडकपणा एकदम न पडता हळूहळू उतरतो. एलईडीखाली फोमची भोकं थोड्या भागात भरून घेतली असती, पण पॅडच्या मापापेक्षा जरा मोठ्या भागात, नाहीतर दोन्ही कडा एकावर एक येतात आणि काम बिघडतं. आणि बेटाला फोमवर पूर्ण न चिकटवता मध्यभागी एका छोट्या ठिपक्यावर चिकटवलं तर त्याच्या कडांखालचा फोम मोकळा राहतो, तिथलाही थोडा ताण फोम स्वतः घेतो.

टेस्टिंगबद्दल एक. एकदा कितीला तुटते यापेक्षा किती वेळा टिकते ते बघा. छातीवर लावायची पट्टी असेल तर मिनिटाला १५ श्वास धरले तरी दिवसाला २१,६०० वेळा ती ताणली जाते, आठवड्याला दीड लाखाच्या वर. ग्राहकाला एकदा ३० टक्के खेचून दाखवणं सोपं असतं, रोजच्या ३-४ टक्क्यांनी आठवडाभर मारलं तर काय होतं ते त्याला सांगा, खरं काम ते आहे.

प्रश्न : नववीच्या मुलांना हे सगळं दाखवता येईल का? आमच्याकडे लॅबमध्ये फार काही नाही. (एक शिक्षिका, म्हापसा)

येईल बाई, आणि छान दिसतं. गादीवाल्याकडून साधा फोम घ्या, एक सेंटिमीटर जाडीचा, भांडी घासायचा कोरडा स्पंज नको, तो कडक असतो. फोमच्या वरच्या बाजूवर आणि जाडीच्या कडेवरही बॉलपेनने एक-एक सेंटिमीटरवर रेषा मारून घ्या, वर चौकोन आणि कडेवर उभ्या रेषा. प्लास्टिकच्या फाइलच्या पातळ कव्हरमधून तीन मिलिमीटर रुंदीची नागमोडी पट्टी कापा.

आधी ती पट्टी नुसती टेबलावर ठेवून दोन्ही टोकं खेचायला सांगा. वळणं टेबल सोडून उठतात, पीळ खातात. मग एक पट्टी फोमवर सगळीकडे रबर सोल्युशनने चिकटवा, दुसरी फक्त दोन टोकांना. दोन्ही फोम सारखे खेचायचे. पहिलीत वळणाच्या बाहेरच्या कडेपासून पट्टी उचकटायला लागते आणि आसपासचे चौकोन वेडेवाकडे होतात, दुसरी आरामात उलगडते. मुलांना विचारा की हा फरक कशाने पडला, पट्टी तर एकाच कव्हरमधून कापलीय.

त्यानंतर जाड पुठ्ठ्याचा तीन सेंटिमीटरचा चौकोन आणखी एका, तशाच रेषा मारलेल्या फोमवर मधोमध चिकटवा, हे आपलं बेट. खेचलं की पुठ्ठ्याखालचे चौकोन तसेच, पण त्याच्या कडेचे लगेच लांबुळके झालेले दिसतील, पट्टीच्या मापाने मोजून टक्के काढायला लावा, नववीला तेवढं जमतं. आणि आता कडेवरच्या उभ्या रेषा बघा. पुठ्ठ्याच्या दोन्ही कडांखाली त्या तिरक्या झालेल्या असतात, वरचं टोक पुठ्ठ्याबरोबर थांबलेलं आणि खालचं टोक फोमबरोबर पुढे गेलेलं. इचलकरंजीच्या दादांना जो मधला मऊ थर सांगितला त्याचं काम हेच. एक सेंटिमीटरऐवजी तीन मिलिमीटरचा फोम मिळाला तर तोही करून बघा, तिथे तिरकं व्हायला जाडीच उरत नाही आणि कडेचे चौकोन जास्त लांब होतात. दोन्हींचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि जमल्यास मला मेलवर पाठवा, मुलांची मोजमापं असतील तशीच पाठवा, नीटनेटकी करू नका.